रोजच्या वापराच्या एस.यू.व्ही. मोटारीसाठी ऑल-टेरेन टायर : नागपूरच्या रस्त्यांवरील आवाजाचा विचार

मोटारीचा आवाज म्हणजे तिच्या इंजिनाचा आवाज, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती आता खरी राहिलेली नाही. चांगल्या स्थितीतील मोटार स्थिर वेगाने ताशी ४० ते ५० किलोमीटरांच्या पुढे गेली की तिच्या आवाजातील मोठा वाटा टायर आणि रस्ता यांच्या स्पर्शातून उत्पन्न होतो. विजेवर चालणाऱ्या मोटारीत इंजिनच नसल्यामुळे ही मर्यादा आणखी खाली येते. एस.यू.व्ही. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंच मोटारींना ऑल-टेरेन टायर, म्हणजे पक्का रस्ता व कच्ची वाट या दोहोंवर चालावेत म्हणून बनविलेले टायर, बसविले की हा आवाज विशेषच जाणवू लागतो. कित्येकांच्या मनात तेव्हा प्रश्न येतो, की हा त्रास अपरिहार्य आहे काय?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार नागपूर व त्याच्या आसपासचे रस्ते, माती आणि उन्हाळा लक्षात घेऊन करावयाचा आहे. अमुक कंपनीचा टायर घ्यावा असे सांगण्याचा हेतू नाही; तसली यादी वर्षभरात शिळी होते. टायर डोळ्यांनी पाहून त्याच्या आवाजाविषयी व उपयोगाविषयी कोणते अनुमान काढता येते, एवढेच येथे पाहू.

टायरच्या पृष्ठावर खाचांनी विभागलेले रबराचे ठोकळे असतात. चाक फिरताना प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो, भाराखाली दबतो आणि स्पर्श सुटताना झटक्याने मोकळा होतो. हा आवाजाचा पहिला उगम. दुसरा उगम हवेचा आहे. ठोकळे दबले की मधल्या खाचेतील हवा बाहेर फेकली जाते आणि ठोकळे सुटले की ती पुन्हा आत ओढली जाते. टायरच्या परिघाला समांतर अशी सलग खाच स्पर्शक्षेत्रातून आरपार जाते, तेव्हा ती दोन्ही टोकांना उघडी असलेली नळीच होते. स्पर्शक्षेत्राची लांबी १५ सेंटिमीटर धरली, तर अशा नळीची मूळ कंप्रता सुमारे ११५० हर्ट्झ येते. मनुष्याचा कान एक ते चार हजार हर्ट्झ या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतो, हे येथे ध्यानात घ्यावे. त्यात आणखी भर अशी, की टायरचा वक्र पृष्ठभाग आणि सपाट रस्ता यांच्यामध्ये स्पर्शक्षेत्राच्या पुढे व मागे पाचरीसारखी जागा राहते आणि ती कर्ण्याचे काम करते. लहान आवाज त्या कर्ण्यातून मोठा होऊन बाहेर पडतो.

तिसरा उगम टायरच्या आत आहे. टायर व रिम यांच्यामधील हवेचे कडे हे एक अनुस्पंदक होय. २३५/६५ आर १७ या मापाचा टायर उदाहरणादाखल घेऊ. त्याची रुंदी २३५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिमचा व्यास १७ इंच. यावरून आतील हवेच्या कड्याचा मध्यम परीघ सुमारे १.८४ मीटर येतो. आतील हवा ४० अंश सेल्सिअस असताना ध्वनीचा वेग सेकंदाला ३५५ मीटर धरला, तर अनुस्पंदनाची कंप्रता सुमारे १९३ हर्ट्झ होते. हा आवाज हवेतून कानापर्यंत येत नाही. तो रिम, आस व निलंबनाच्या सांध्यांतून मोटारीच्या सांगाड्यात शिरतो आणि मंद घुमण्याच्या रूपाने ऐकू येतो. काचा चढवून तो कमी होत नाही याचे कारण हेच. काही टायरांच्या आतल्या बाजूस स्पंजाचा थर लावलेला असतो, तो याच अनुस्पंदनावर उपाय म्हणून. मात्र असे टायर आपल्याकडे पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानात अडचणीचे ठरतात.

याच टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ७३७ मिलिमीटर आहे. भाराखाली तो थोडा दबत असल्याने एका फेऱ्यात मोटार सुमारे सव्वादोन मीटर पुढे जाते, आणि ताशी ८० किलोमीटर वेगाला चाकाचे सेकंदाला जवळजवळ दहा फेरे होतात. परिघावर ३६ मोठे ठोकळे असले तर आघाताची कंप्रता ३६० हर्ट्झ, आणि ७० लहान ठोकळे असले तर ७०० हर्ट्झ. आता वेग कमी करून पाहावे. ३६ ठोकळ्यांचा टायर ताशी ४३ किलोमीटरांच्या आसपास आला की आघाताची कंप्रता १९० हर्ट्झला पोहोचते, म्हणजे आतील हवेच्या अनुस्पंदनाशी जवळजवळ जुळते. शहरात आपण बहुतेक वेळ याच वेगाच्या आगेमागे असतो. मोठ्या ठोकळ्यांचा टायर महामार्गावर त्रास देईल असे मानून तो शहरासाठी निर्धास्तपणे घेणाऱ्याने हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

ठोकळे सर्व सारख्या लांबीचे असतील तर आघात समान कालांतराने होतात आणि एकाच कंप्रतेचा, सनईच्या सुरासारखा लांबलचक स्वर निघतो. म्हणून टायर बनविणारे तीन ते पाच निरनिराळ्या लांबीचे ठोकळे मुद्दाम अनियमित क्रमाने मांडतात. त्यामुळे ध्वनीची एकूण ऊर्जा फारशी घटत नाही; ती पुष्कळ कंप्रतांत विखुरते आणि स्वराऐवजी सळसळ ऐकू येते. डेसिबेलमापकावर दोन टायर सारखेच दिसावेत आणि कानाला एक सुसह्य व दुसरा असह्य वाटावा, असे घडते ते यामुळेच. ठोकळ्याची पुढची कड आसाला समांतर असेल तर ती सबंध एकदम आपटते. तिरपी असेल तर क्रमाक्रमाने टेकते. तिरप्या दातांचे दंतचक्र सरळ दातांच्या दंतचक्रापेक्षा शांत का चालते, हे ज्याने यंत्रशास्त्रात वाचले आहे त्याला यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही.

आवाजाचा दुसरा अर्धा भाग रस्ता पुरवितो, आणि या बाबतीत नागपूरची स्थिती काहीशी वेगळी आहे. गेल्या दीड दशकात शहरातील प्रमुख रस्ते टप्प्याटप्प्याने डांबरी जाऊन सिमेंट काँक्रीटचे झाले आहेत. नागपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या ७०१ किलोमीटरांच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन तो पूर्ण झाला. तोही बहुतांश काँक्रीटचाच आहे. काँक्रीटवर पाणी साचून घसरण होऊ नये म्हणून ओला पृष्ठभाग झाडूने किंवा दाताळ्याने ओरखडून त्यावर आडव्या खाचा पाडतात. दाताळ्याच्या खाचांतील अंतर सर्वत्र २० मिलिमीटर आहे असे समजू. ताशी ८० किलोमीटर वेगाला टायर सेकंदाला ११११ खाचा ओलांडतो. टायरवरील नळीसारख्या खाचेची कंप्रता वर आपण ११५० हर्ट्झ काढली होती. हे दोन आकडे इतके जवळ यावेत हा योगायोग असला, तरी तो सुखाचा नाही. काँक्रीटच्या नव्या रस्त्यावर जो कर्कश स्वर ऐकू येतो त्यात रस्त्याच्या समान अंतरावरील खाचांचा मोठा भाग असतो, आणि तो कोणताही टायर बदलून सर्वस्वी जाणार नाही. याखेरीज सुमारे साडेचार मीटरांवर येणारे काँक्रीटचे सांधे ताशी १०० किलोमीटर वेगाला सेकंदाला सहा ठोके देतात. टायरची भिंत जितकी ताठ तितका हा ठोका मोटारीत अधिक पोहोचतो.

ज्याचा प्रवास वर्धा मार्गावरून कचेरीपर्यंत आणि परत एवढाच आहे, त्याला ऑल-टेरेन टायर हवाच कशाला, असे कोणी विचारील. रास्तच आहे. अशा माणसाने महामार्गाचा साधा टायर घ्यावा आणि हा लेख येथेच सोडावा. परंतु नागपुरातील कितीतरी कुटुंबांची शेती काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर, उमरेड या भागांत आहे. संत्र्याच्या बागेपर्यंत जाणारा शेवटचा दोन-तीन किलोमीटरांचा तुकडा मुरमाचा, गिट्टी उखडलेला किंवा निव्वळ पांदणीचा असतो. वनखाते, सर्वेक्षण, भूशास्त्र, कृषी यांच्या कामासाठी हिंडणाऱ्यांची गोष्टही तशीच. या लोकांची गरज खरी आहे. प्रश्न असा, की त्या गरजेतील नेमका कोणता भाग टायर भागवू शकतो?

याचे उत्तर मातीत आहे. नागपूर हे दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व सीमेवर वसले आहे. शहराच्या पश्चिमेस बेसाल्टपासून झालेली काळी जमीन, तर पूर्वेस भंडाऱ्याकडे जाऊ लागले की नीस व इतर जुन्या खडकांवरची निराळी माती लागते. जुन्या जमाबंदीत जमिनीच्या काळी, मोरंड, खरडी, बरडी अशा प्रती करीत. त्या वर्गीकरणात रस्त्याच्या दृष्टीनेही बरेच शहाणपण आहे. खरडी व बरडी जमिनीत मुरूम व खडे असतात. तेथे टायरला धोका चिखलाचा नसून टोकदार दगडाचा असतो. काळ्या जमिनीतील माती मात्र पाणी शोषून फुगणाऱ्या खनिजांनी भरलेली असते. पावसाळ्यात ती लुसलुशीत आणि चिकट होते आणि चाकाला थरावर थर चढवीत जाते. बैलगाडीच्या लोखंडी धावेवर चढलेला चिखल गाडीवान काठीने खरडून काढीत असे. रबराच्या धावेचीही गत निराळी नाही.

चिखलासाठी बनविलेल्या टायरात खाचांनी व्यापलेला भाग एकूण पृष्ठाच्या जवळजवळ निम्मा असतो, तो खाचेत शिरलेला चिखल चाकाच्या फिरण्याने फेकला जावा म्हणून. हे फेकणे किती होते ते पाहावे. चाकाची त्रिज्या ०.३७ मीटर धरली तर ताशी ३० किलोमीटर वेगाला परिघावरील केंद्रोत्सारी त्वरण गुरुत्वाच्या सुमारे १९ पट असते. ताशी १० किलोमीटर वेगाला ते अवघे दुप्पट उरते. शेताच्या पांदणीवर आषाढात कोणीही ताशी ३० किलोमीटरांनी जात नाही. त्या मंद गतीत काळी माती खाचेतून निघत नाही; दहा-वीस फेऱ्यांत खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. ज्या ऑल-टेरेन टायरच्या खाचा याहून अरुंद आहेत तो तर आधीच भरतो. तात्पर्य, भर पावसात काळ्या मातीच्या पांदणीवर उग्र नक्षीचा ऑल-टेरेन टायर आणि सौम्य नक्षीचा ऑल-टेरेन टायर यांत फारसा भेद राहत नाही. मोटार पक्क्या रस्त्यावर उभी करून पायी जावे, हीच तेथील रीत आहे आणि ती बरोबर आहे.

उलट मुरूम, गिट्टी आणि कोरडी खडबडीत वाट यांवर जो उपयोग होतो तो नक्षीच्या उग्रतेमुळे नव्हे. तेथे उपयोग होतो कापला न जाणाऱ्या रबराचा, बाजूच्या भिंतीतील मजबुतीचा आणि थोड्या अधिक खोलीचा. महामार्गाच्या नव्या टायरची खाच साधारणतः सात ते आठ मिलिमीटर खोल असते, ऑल-टेरेन टायरची नऊ ते अकरा. या गुणांचा आवाजाशी संबंध आहे, पण तो नक्षीइतका घट्ट नाही. म्हणजे आपल्या परिसरात ऑल-टेरेन टायरपासून जे खरोखर मिळवावयाचे आहे ते बऱ्याच अंशी शांत टायरातही मिळू शकते. आणि ज्याच्यासाठी आपण रोज आवाज सोसतो ती उग्र नक्षी नेमकी चिखलाच्या दिवशी कामास येत नाही.

तेव्हा दुकानात टायर पाहताना पुढील खुणा शोधाव्यात. मध्यभागी ठोकळे सुटे नसून एकमेकांशी रबराच्या पुलांनी जोडलेले, जवळजवळ सलग पट्टीसारखे असावेत. आडव्या खाचा तिरप्या असाव्यात आणि शक्यतो एका टोकाला बंद असाव्यात किंवा मध्येच अरुंद व्हाव्यात. खांद्याकडचे ठोकळे फार मोठे व दूरदूर नसावेत. ऑल-टेरेन टायरचा गुरगुराट बहुतांश तेथून येतो. ठोकळ्यांच्या लांबीत फरक आहे की नाही हे नुसत्या नजरेस समजत नाही. त्यासाठी एक सोपी युक्ती करता येईल. टायरच्या खांद्यावर खडू चोळावा, कागदाची लांब पट्टी परिघाभोवती दाबून ठसा घ्यावा आणि पट्टी उलगडून ठोकळ्यांच्या लांबी मोजाव्यात. दुकानदार हसेल. परंतु पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याने या लांबींची मालिका संगणकावर घालून तिचे फूरिये विश्लेषण केले, तर त्या टायरच्या आघातांचा वर्णपट टायर विकत न घेताच त्याच्या हाती येईल. प्रयोगशाळेतील एका सत्राला पुरेल असा हा विषय आहे.

मापाच्या बाबतीत मोटार बनविणाऱ्याने दिलेले माप सोडू नये. रुंद टायर दिसावयास भारदस्त, पण त्याचा कर्णाही मोठा. हलक्या मालट्रकांसाठी असलेले जादा थरांचे टायर रोजच्या मोटारीस घेऊ नयेत. ते जड असतात, त्यांना अधिक दाब लागतो आणि त्यांची ताठ भिंत काँक्रीटचा प्रत्येक सांधा आत पोहोचविते. टायरवर कोरलेल्या एम व एस या अक्षरांनीही भुलू नये. ती चिखल व बर्फ यांची निदर्शक असली तरी त्यांच्यामागे कोणत्याही परीक्षेची अट नसते. तीन शिखरांच्या पर्वतात हिमकण दाखविणारी खूण मात्र खऱ्या परीक्षेनंतर मिळते. पण ती परीक्षा बर्फावरील पकडीची, आणि नागपुरात तिचे काय करावयाचे?

आवाजाचा आकडा छापील मिळतो काय? युरोपीय संघात २०२०/७४० या क्रमांकाच्या नियमानुसार १ मे २०२१ पासून लागू झालेल्या लेबलावर तो डेसिबेलमध्ये असतो. पण तो वाचताना एक गोष्ट विसरू नये. मोटारीच्या टायरसाठी ही चाचणी इंजिन बंद ठेवून, ताशी ८० किलोमीटर वेगाने, विशिष्ट बारीक पोताच्या डांबरी पट्ट्यावर घेतात आणि ध्वनिग्राहक मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरांवर ठेवतात. म्हणजे तो आकडा रस्त्याकाठी राहणाऱ्याच्या कानाचा आहे, मोटारीत बसलेल्याच्या नव्हे. आणि तो काँक्रीटचाही नाही. आतील घुमणे त्यात येतच नाही. तरीही दोन टायरांत तीन डेसिबेलांचे अंतर असेल तर एकाची ध्वनिऊर्जा दुसऱ्याच्या दुप्पट आहे, एवढे निश्चित समजावे. भारतातही ए.आय.एस.-१४२ या मानकाखाली टायरचा लोटण्याचा आवाज, ओल्या रस्त्यावरील पकड आणि लोटणविरोध यांच्या मर्यादा २०२२ च्या अधिसूचनेने बंधनकारक करण्यात आल्या. ही किमान मर्यादा पाळल्याची हमी होय. दोन टायरांची तुलना तिच्यावरून होत नाही.

तुलना स्वतः करू पाहणाऱ्यांना ऋतूचा इशारा द्यावयास हवा. तापमान वाढले की रबर मऊ होते आणि टायरचा आवाज दर अंशाला सुमारे ०.०५ ते ०.१ डेसिबेलने उतरतो. डिसेंबरातील पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांत ३० अंशांचे अंतर नागपुरात सहज पडते. म्हणजे एकच टायर हिवाळ्यात दीड ते तीन डेसिबेलने मोठा वाजेल. मित्राच्या मोटारीतील टायर थंडीत ऐकून आणि आपला उन्हाळ्यात ऐकून जो निष्कर्ष निघेल तो टायरविषयी नसून पंचांगाविषयी असेल.

याच उन्हाळ्यात आवाजापेक्षा गंभीर प्रश्न उभा राहतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरांची मुभा आहे, आणि सरळ, अखंड रस्त्यावर तो वेग तासन्‌तास टिकतो. टायर फुटून झालेल्या अपघातांमुळे हा मार्ग चर्चेत राहिला आहे. उन्हाळ्यात हवा प्रसरण पावते म्हणून दाब मुद्दाम कमी ठेवावा, असा सल्ला पेट्रोलपंपावर सर्रास मिळतो. काही ऑल-टेरेनवाले आवाज व धक्के कमी व्हावेत म्हणूनही तसे करतात. हा सल्ला प्राणघातक ठरू शकतो. हिशेब असा : थंड टायरमध्ये ३३ पौंड दाब असला तर वातावरणाचा दाब मिळवून तो सुमारे ४८ होतो. आतील हवा २५ अंशांवरून ७५ अंशांवर गेली तर तो ५६ होतो, म्हणजे वाढ केवळ आठ पौंडांची. ही वाढ टायरच्या रचनेत गृहीत धरलेली असते. टायर फुटतो तो बहुधा उष्णतेने, आणि ती उष्णता प्रत्येक फेऱ्यात भिंत दबण्या-सुटण्याने निर्माण होते. दाब कमी म्हणजे दबणे जास्त. ऑल-टेरेन टायरचे ठोकळे खोल व रबर अधिक असल्याने तो मुळातच जास्त तापतो. म्हणून त्याच्या बाबतीत ही सवड आणखी कमी आहे. दाब सकाळी टायर थंड असताना मोजावा आणि मोटारीच्या दारावरील पट्टीत दिला असेल तेवढा ठेवावा. प्रवासात गरम टायरमधून हवा काढू नये. त्याचप्रमाणे टायरच्या बाजूवरील वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा खालचे घेऊ नये. काही ऑल-टेरेन टायरांवर क्यू हे अक्षर असते. त्याची मर्यादा ताशी १६० किलोमीटर. १२० च्या रस्त्याला ती पुरेशी वाटते, पण ती प्रयोगशाळेतील योग्य दाबाच्या नव्या टायरची मर्यादा आहे, मे महिन्यातील दुपारी भरगच्च सामान लादलेल्या जुन्या टायरची नव्हे.

नवा असताना शांत असलेला टायर पुढे बोलू लागतो, ही तक्रारही नेहमीची आहे. सुट्या ठोकळ्यांची एक कड दुसरीपेक्षा लवकर झिजते आणि परिघावर करवतीसारखे दात पडतात. खरखरीत काँक्रीटवर हे लवकर होते, आणि चाकांचे अलाइनमेंट बिघडले असेल तर त्याहून लवकर. परीक्षा सोपी आहे. टायरवरून तळहात एकदा पुढच्या दिशेने आणि एकदा मागच्या दिशेने फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने टोचरे लागले तर दात पडू लागले असे समजावे. दर आठ ते दहा हजार किलोमीटरांनी पुढची-मागची चाके अदलून घेतली म्हणजे हे दात वाढत नाहीत, आणि नुकते पडलेले असले तर पुढील काही हजार किलोमीटरांत झिजून बरेचसे सपाट होतात. मात्र नक्षी एकाच दिशेने चालणारी असेल तर चाक त्याच बाजूस पुढे-मागे करावे लागते, हे गॅरेजमध्ये आठवणीने सांगावे.